मार्गदर्शकाच्या टेबलापासून समितीच्या खोलीपर्यंत

टीआयएफआरमधील रेण्वीय जीवशास्त्राच्या पीएच.डी. शिक्षणाची वाटचाल

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजेच टीआयएफआर, ही मुंबईकरांच्या लेखी भौतिकशास्त्राची आणि गणिताची संस्था. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या या वास्तूत विश्वकिरणांचे आणि संख्या सिद्धांताचे काम चालते, एवढे सर्वसाधारण वाचकाला माहीत असते. याच वास्तूत १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा एक लहान गट सुरू झाला. त्यातूनच मुंबईतला आजचा जीवशास्त्र विभाग घडला आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, उभे राहिले. या दोन्ही ठिकाणच्या संशोधनाबद्दल वेळोवेळी लिहिले गेले आहे. इथे माणसे कशी तयार केली गेली, याची नोंद मात्र त्या मानाने कमी झाली. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याबाबत कोणाला तरी तीन कामे करावी लागतात. त्याला विषय शिकवायचा, त्याच्या हाती प्रश्न द्यायचा आणि शेवटी त्याच्या कामाचा निवाडा करायचा. जुन्या पद्धतीत ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे, म्हणजे मार्गदर्शकाकडे असत. कुलाब्यातील जीवशास्त्राचा शैक्षणिक इतिहास म्हणजे ही कामे एकेक करून मार्गदर्शकाच्या हातातून कशी सुटत गेली, याचा इतिहास. त्यांतली दोन बऱ्याच अंशी सुटली आहेत. तिसऱ्याचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही.

विद्यापीठाबाहेरची शाळा

स्वातंत्र्यापूर्वीच्या भारतात विज्ञानातील संशोधन पदवीची रीत सरळ होती. एम.एस्सी. व्हायचे, एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली नाव नोंदवायचे, त्यांनी दिलेला विषय घ्यायचा आणि काही वर्षांनी प्रबंध सादर करायचा. वर्ग नसत, अभ्यासक्रम नसे आणि विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे ऐकणारी समितीही नसे. प्राध्यापक चांगला भेटला तर सोने, नाही तर नशीब. मुंबईच्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा पदवी परीक्षेतील त्यांचे उत्तम गुण कामी आले नाहीत. स्त्री म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही, म्हणून अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि कालांतराने मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या संचालक झाल्या. एवढ्या गुणी विद्यार्थिनीची वाट एका माणसाच्या मर्जीवर अडू शकत होती, कारण मर्जीच्या वर दाद मागायला काही नव्हते.

होमी भाभा याच बंगळुरूच्या संस्थेत १९३९ पासून होते. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या स्वतंत्र संस्थेची कल्पना मांडली. १९४५ साली संस्थेचे काम बंगळुरूत सुरू झाले आणि वर्ष संपण्यापूर्वी ती मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. संशोधकांची नवी पिढी तयार करणे हा संस्थेच्या कामाचाच भाग आहे, हे भाभांनी पहिल्यापासून धरून ठेवले.

त्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग झाला गणितात. १९४९ साली के. चंद्रशेखरन आले. त्यांनी आणि के. जी. रामनाथन यांनी निवडलेल्या तरुणांना आधी शिकवायचे आणि मग संशोधनाला लावायचे, असा क्रम घालून दिला. लॉरां श्वार्त्झ, कार्ल लुडविग झीगल यांच्यासारखे मोठे गणिती पाहुणे म्हणून येत आणि एखाद्या विषयावर सलग व्याख्याने देत. त्यांची टिपणे विद्यार्थ्यांनी लिहून काढायची आणि संस्थेने ती छापायची. दुसऱ्याचे व्याख्यान छापण्यायोग्य लिहायचे तर प्रत्येक पायरी स्वतःला पटावी लागते, त्यामुळे हे लेखन हीच एक कसोटी होती. १९५३ साली विद्यार्थी म्हणून आलेले एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री याच शाळेत घडले. त्यांच्या पीएच.डी.वर शिक्का मात्र मुंबई विद्यापीठाचा होता. संस्थेने शिकवायचे, विद्यापीठाने पदवी द्यायची, ही व्यवस्था पुढे अनेक दशके टिकली आणि जीवशास्त्रालाही लागू झाली.

१९६२: माणूस आधी, विभाग नंतर

१५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ओबेद सिद्दीकी संस्थेत आले. उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १९३२ साली जन्मलेले सिद्दीकी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकले. ग्लासगोत ग्विदो पोन्तेकोर्वो यांच्याकडे त्यांनी बुरशीच्या जनुकशास्त्रावर पीएच.डी. केली. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्याबरोबर ई. कोलाय या जिवाणूवर काम करताना त्यांच्या हाती एक महत्त्वाचा शोध लागला. काही उत्परिवर्तनांमुळे प्रथिन अर्धवट तयार होऊन थांबते आणि दुसऱ्या एखाद्या जनुकातील बदल हा अडथळा दूर करू शकतो. जनुकीय संकेतात ‘इथे थांबा’ अशी खूण असते, हे उलगडण्याच्या वाटेवरचे हे काम होते.

लिओ झिलार्ड हे अणुसाखळी अभिक्रियेच्या कल्पनेचे जनक. उत्तरायुष्यात ते जीवशास्त्राकडे वळले होते. सिद्दीकींचा आणि भाभांचा संबंध त्यांनी जुळवून दिला. योग्य माणूस सापडला की त्याच्याभोवती काम उभे करायचे, आधी विभाग काढून मग माणसे शोधायची नाहीत, हे भाभांचे धोरण होते. अणुसंशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत जिवाणूंच्या जनुकशास्त्राला जागा मिळाली ती या धोरणामुळे.

२४ जानेवारी १९६६ रोजी मों ब्लांवरील विमान अपघातात भाभा गेले, तेव्हा हा गट जेमतेम चार वर्षांचा होता. एका संस्थापकाच्या आधारावर उभे असलेले काम अशा वेळी सहज कोलमडू शकते. एम. जी. के. मेनन संचालक झाले आणि जीवशास्त्र चालू राहिले. तरी गटाच्या शिक्षणपद्धतीत माणसावरचे अवलंबन भरपूर होते. गट लहान, विद्यार्थी मोजके, नियमावली नावालाच. जे काही शिकायचे ते बाकावर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलाशी, शेजारी उभे राहून.

शिकवण्याची सोय

त्या टेबलाशी येणारे विद्यार्थी कोण होते, हे इथे महत्त्वाचे ठरते. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ सालची. जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला गेला तो १९६१ साली. आपल्या विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हे विषय अजून पोचायचे होते. त्यामुळे तयार विद्यार्थी मिळणे कठीण होते. गटात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी यांतून माणसे येत राहिली. पी. बाबू भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आले आणि पुढे सिडनी ब्रेनर यांच्याबरोबर त्यांनी सूत्रकृमींवर काम केले. के. विजयराघवन आयआयटी कानपूरमधून केमिकल इंजिनिअरिंग करून आले.

अशा विद्यार्थ्याला गणित येते, यंत्र उघडता येते, पण जिवाणूंची वसाहत त्याने कधी पाहिलेली नसते. त्याला ‘हा घे विषय आणि कर सुरुवात’ म्हणून चालत नाही. त्याला जनुकशास्त्र आणि जीवरसायन शिकवावे लागते, जर्नल क्लबमध्ये बसवून शोधनिबंध फोडायला शिकवावे लागते, आणि तेही एकट्या मार्गदर्शकाने नव्हे, तर गटातल्या सगळ्यांनी मिळून. शिकवण्याचे काम एका माणसाच्या हातातून सुटायला सुरुवात झाली ती अशी. विद्यार्थ्यांच्या विविध पार्श्वभूमीने ती गरज निर्माण केली. सरकारी फतवे बऱ्याच उशिरा आले.

या काळातले शिक्षण कसे होते, याची कल्पना जिवाणूंच्या एका प्रयोगावरून येईल. जिवाणूंमध्ये ‘नर’ पेशी आपला डीएनए ‘मादी’ पेशीत एका टोकापासून क्रमाने सोडते. सगळे गुणसूत्र जायला सुमारे १०० मिनिटे लागतात. दोन्ही प्रकारचे जिवाणू एकत्र मिसळायचे, ठरावीक मिनिटांनी नमुना काढायचा, मिक्सरमध्ये घुसळून जोड्या तोडायच्या आणि ताटल्यांवर पसरायचा. दुसऱ्या दिवशी कोणत्या ताटलीवर कोणत्या वसाहती उगवल्या ते मोजायचे. कोणता गुणधर्म कितव्या मिनिटाला पोचला, यावरून गुणसूत्रावरचा जनुकांचा क्रम काढता येतो. साधन म्हणाल तर घड्याळ, मिक्सर, पिपेट आणि काचेच्या ताटल्या. पण एका नमुन्याला अर्धे मिनिट उशीर झाला की नकाशा चुकतो आणि नियंत्रण-प्रयोग विसरला की सगळी रात्र वाया जाते. मोजण्याची शिस्त आणि आकड्यांवरून तर्क लढवण्याची सवय यातून लागत असे. भौतिकशास्त्रातून आलेल्यांना हा तर्क चटकन आपलासा वाटे. सिद्दीकींनी जिवाणूंतील जनुकांच्या पुनर्संयोगावर केलेले काम याच जातीचे होते.

शेजारी पी. के. मैत्रा आणि झिटा लोबो यीस्टवर काम करत होते. यीस्ट साखर खाते ती पहिली पायरी कोणत्या विकरांमुळे पार पडते, हे त्यांनी जनुकशास्त्राच्या मदतीने उलगडले. ही तीन विकरे एकेक करून निकामी करत गेले की शेवटी ग्लुकोजवर वाढूच न शकणारे यीस्ट मिळते. विद्यार्थ्याला यातून शिकायला मिळे ते असे: पेशीत एखाद्या गोष्टीचे काम काय, हे समजून घ्यायचे असेल तर ती गोष्ट काढून टाका आणि काय बिघडते ते पाहा. जीवशास्त्रातील सर्वोत्तम प्रबंधाला टीआयएफआरच्या माजी विद्यार्थी संघटनेतर्फे दिला जाणारा पुरस्कार आज झिटा लोबो यांच्या नावाने आहे.

माशीची दशके

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्दीकी कॅल्टेकमध्ये सीमोर बेंझर यांच्याबरोबर काम करून आले. बेंझरही मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. वर्तनाचे धागेदोरे जनुकांपर्यंत नेता येतात का, हा त्यांचा ध्यास होता आणि प्राणी होता फळमाशी. तापमान वाढवले की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केले की पुन्हा चालू लागणाऱ्या उत्परिवर्तित माशांच्या चेतासंस्थेत नेमके काय बिघडते, यावर सिद्दीकी आणि बेंझर यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर कुलाब्याच्या प्रयोगशाळेत कापसाची बुचे लावलेल्या, मक्याच्या लापशीने भरलेल्या बाटल्यांचे राज्य सुरू झाले.

याच सुमारास व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. गोव्याहून आफ्रिकेत गेलेल्या कुटुंबात केनियात जन्म, युगांडातील मकरेरे विद्यापीठात आणि मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिक्षण. सिद्दीकींचे काम वाचून त्यांनी त्यांना पत्र लिहिले आणि पीएच.डी.साठी मुंबई गाठली. माशीला वास आणि चव कशी कळते, हा त्यांचा प्रश्न. १९७८ साली दोघांचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. गंधाची किंवा चवीची जाण हरवलेल्या माशांचे अनेक वाण त्यांनी वेगळे काढले होते.

या प्रयोगाची मांडणी जवळून पाहण्यासारखी आहे. नर माशांना उत्परिवर्तन घडवणारे रसायन साखरपाण्यातून पाजायचे. मग त्यांचा संकर अशा माद्यांशी करायचा, ज्यांची दोन एक्स गुणसूत्रे एकमेकांना जोडलेली आहेत. त्यामुळे बापाचे एक्स मुलीकडे न जाता थेट मुलाकडे जाते. मुलाकडे एक्स एकच, म्हणून त्यातला बिघाड झाकला जात नाही. असा प्रत्येक मुलगा वेगळ्या बाटलीत ठेवून त्याचा वंश वाढवायचा. मग कसोटी. वासासाठी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची नळी: एका फाट्यात गंध, दुसऱ्यात नुसती हवा, आणि किती माशा कुठे गेल्या त्याची मोजदाद. चवीसाठी रंग घातलेले खाद्य. माशीने ते खाल्ले की नाही, हे तिच्या रंगलेल्या पोटावरून भिंगाखाली दिसते. कडू क्विनाइन घातलेले खाद्यही जी निवांत खाते, तिच्या जिभेत किंवा मेंदूत काही तरी बदलले आहे.

परकीय चलनाच्या चणचणीच्या त्या काळात आयात उपकरणासाठी आणि रसायनासाठी महिनोन्महिने थांबावे लागे. अशा वेळी साखर, रंग, काचेची नळी आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर जगाच्या पातळीचा प्रश्न विचारता येतो, हे विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिले. गंध ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुके बक आणि ॲक्सेल यांना सस्तन प्राण्यांत १९९१ साली सापडली, माशीतली तर १९९९ साली. कुलाब्यातले वाण त्याच्या बऱ्याच आधीचे. रॉड्रिग्ज यांनी १९८१ साली पीएच.डी. पूर्ण केली, जर्मनीत ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत काम केले आणि त्या परत टीआयएफआरमध्येच आल्या. पुढे त्यांनी जीवशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. २०१० साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली होती.

पाहुणे आणि परिषदा

मार्गदर्शक कितीही थोर असला तरी विद्यार्थ्याच्या कामाला तो एकटाच परीक्षक असू नये, याची जाण गटाला लवकर आली. महाबळेश्वरला १९७०च्या दशकात सुरू झालेली आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रे हा त्यावरचा एक उपाय होता. थोडे लोक, थोडी व्याख्याने आणि चर्चेला भरपूर वेळ. पुढे ही चर्चासत्रे इतरत्रही भरू लागली, नाव मात्र महाबळेश्वरचेच राहिले. १९७९ सालच्या अखेरीस टीआयएफआरमध्ये फळमाशीचा विकास आणि चेताशास्त्र या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या निबंधांचा ग्रंथ सिद्दीकी, बाबू, लिंडा हॉल आणि जेफ्री हॉल यांनी संपादित केला आणि तो १९८० साली प्रसिद्ध झाला. याच जेफ्री हॉल यांना २०१७ साली जैविक घड्याळावरील कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने अशा परिषदेचा अर्थ वेगळा असतो. ज्यांचे निबंध वाचून आपण प्रयोग रचला, ती माणसे समोर बसलेली असतात आणि आपल्या आलेखावर बोट ठेवून विचारतात, ‘हे कशावरून?’ मार्गदर्शकाला आवडलेला निष्कर्ष तिथे टिकतोच असे नाही. निवाड्याचे काम मार्गदर्शकाच्या हातातून सुटू लागले ते अशा प्रसंगांतून. समित्यांना ते लिखित रूप पुढे मिळाले.

बंगळुरूला निघालेली फांदी

१९८०च्या दशकात गटाची महत्त्वाकांक्षा कुलाब्याच्या जागेत मावेनाशी झाली. सिद्दीकींनी जीवशास्त्राच्या स्वतंत्र केंद्राचा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर होऊन १९९०च्या दशकाच्या आरंभी बंगळुरूत एनसीबीएसचे काम सुरू झाले. सुरुवातीचा मुक्काम इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या आवारात होता, नंतर कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरातील स्वतःच्या जागेत. सिद्दीकी पहिले संचालक. १९९६ साली सूत्रे विजयराघवन यांच्याकडे आली आणि २०१३ पर्यंत राहिली. त्यानंतर ते केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव आणि पुढे भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. सिद्दीकी शेवटपर्यंत प्रयोगशाळेत येत राहिले. २६ जुलै २०१३ रोजी रस्त्यावरील अपघातानंतर बंगळुरूत त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या दृष्टीने हा काळ कसोटीचा होता. गटाचे संस्थापक सिद्दीकी आणि काही ज्येष्ठ सहकारी बंगळुरूला गेले. मागे राहिलेल्या विभागाला स्वतःची ओळख नव्याने घडवावी लागली. मलेरियाचा परजीवी, पेशीतील वाहतूक करणारी मोटर प्रथिने, मेंदू आणि भावना, अशा नव्या दिशांनी काम वाढले. प्रयोगशाळा वाढल्या, प्रत्येकीचा प्राणी वेगळा आणि भाषाही वेगळी. एका गटात सगळे सगळ्यांना शिकवतात, हे आता आपोआप होणे शक्य नव्हते. घरच्या घरी भागत होते ते सगळे आता लिहून ठेवणे भाग पडले.

अभिमत विद्यापीठ

२००२ साली टीआयएफआरला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पदवी देण्याचा अधिकार संस्थेकडे आला. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. प्रवेश, अभ्यासक्रम, नोंदणी, प्रबंधाचे परीक्षण हे सगळे आता संस्थेच्या नियमांनुसार व्हायचे होते. त्यासाठी विषयवार मंडळे आहेत. जीवशास्त्राचेही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली देशभरच्या पीएच.डी.साठी किमान एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, तेव्हा अनेक विद्यापीठांत धावपळ झाली. कुलाब्यात ती सवय जुनी होती.

प्रवेशासाठी देशभर लेखी परीक्षा होते आणि त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. जीवशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असा आग्रह नसतो. १९६०च्या दशकातली गरज आता धोरण बनली आहे. मुलाखतीत पाठांतरावर निभावत नाही. एखादा आलेख पुढे ठेवला जातो आणि विचारले जाते, यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही? उत्तर चुकले तरी चालते. कसा विचार केला ते फळ्यावर दाखवता आले पाहिजे.

आजची वर्षे

एम.एस्सी.नंतर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पीएच.डी. साधारण पाच वर्षांची, पदवीनंतर थेट येणाऱ्यासाठी एकात्मिक अभ्यासक्रम त्याहून एखादे वर्ष अधिक. पहिले वर्ष शिकण्याचे: जनुकशास्त्र, जीवरसायन, पेशीजीवशास्त्र, चेताशास्त्र, संख्याशास्त्र. त्याबरोबरच एकाहून अधिक प्रयोगशाळांत आळीपाळीने काही काळ काम करायचे आणि मग कोणाकडे पीएच.डी. करायची ते ठरवायचे. ही आळीपाळी दोन्ही बाजूंच्या फायद्याची असते. विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचा स्वभाव कळतो, प्राध्यापकाला विद्यार्थ्याचा. एकमेकांशी पटत नाही हे तिसऱ्या महिन्यात कळले तर कोणाचेच नुकसान होत नाही. तिसऱ्या वर्षात कळले तर विद्यार्थ्याचे होते.

त्यानंतर प्रस्ताव आणि त्यावरची परीक्षा. पुढे दरवर्षी समितीसमोर आढावा. समितीत मार्गदर्शकाखेरीज इतर प्राध्यापक असतात. वर्षभरात काय झाले, काय फसले, पुढे काय, हे विद्यार्थ्याने मांडायचे. या बैठका काहींना जाचक वाटतात, पण त्यांचे मोल अडचणीच्या वेळी कळते. एखादा प्रयोग दोन वर्षे जमत नसेल तर ‘आता हे सोड’ असे सांगण्याचा धीर मार्गदर्शकाला अनेकदा होत नाही, कारण कल्पना त्याची असते. समितीला तो होतो. शेवटी सिनॉप्सिस, प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय आणि खुली तोंडी परीक्षा. १९३३ सालच्या त्या विद्यार्थिनीला दाद मागायला जागा नव्हती. आज ती आहे, निदान नियमात तरी.

जमा आणि खर्च

जमेची बाजू मोठी आहे. कुलाब्यात शिकलेली माणसे देशभरच्या संस्थांत शिकवत आहेत. २००६ पासून पुण्यासह ठिकठिकाणी आयसर संस्था निघाल्या, तेव्हा अभ्यासक्रम, प्रयोगशाळांची आळीपाळी आणि सल्लागार समिती या गोष्टी तिथे नव्या म्हणून पटवून द्याव्या लागल्या नाहीत.

खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. पाच वर्षांत पीएच.डी. पूर्ण होणे जीवशास्त्रात सोपे नाही. प्राण्यांची पिढी वाढायला लागणारा वेळ नियमाने कमी होत नाही. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती सुरुवातीला दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये केली. कमाल मुदत उलटल्यावर मुंबईसारख्या शहरात विद्यार्थ्याने कसे राहायचे, हा प्रश्न त्या वाढीने सुटत नाही. पीएच.डी. होणाऱ्यांच्या मानाने प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत, हे प्रत्येक विद्यार्थी जाणून असतो. उद्योग, वैज्ञानिक लेखन, शालेय विज्ञानशिक्षण, धोरणनिर्मिती या वाटांची तयारी अभ्यासक्रमात असावी, ही मागणी आता आडवळणाची राहिलेली नाही.

आणि राहतो तो प्रश्न देण्याचा मुद्दा. शिकवणे अभ्यासक्रमाकडे गेले, निवाडा समितीकडे गेला. प्रश्न मात्र आजही बऱ्याचदा प्रयोगशाळेच्या मंजूर प्रकल्पातून येतो. त्यात दोष कोणाचा नाही. अनुदान प्रकल्पाला मिळते, विद्यार्थ्याच्या कुतूहलाला नाही, आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्याला ते आणावे लागते. पण या संस्थेचे सर्वांत सांगण्यासारखे प्रबंध ज्या वर्षांत झाले, तेव्हा विद्यार्थी आपला प्रश्न घेऊन येत किंवा इथे आल्यावर तो शोधण्याइतका वेळ त्यांना मिळे. व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनहून आल्या त्या निबंध वाचून, आपण होऊन पत्र लिहून. अशी विद्यार्थिनी आज प्रवेश परीक्षेतून येईल, अभ्यासक्रम पूर्ण करील, समितीसमोर उभी राहील. तिचे कुतूहल या सगळ्यातून शाबूत राहिले तरच साठ वर्षांच्या रचनेचे चीज झाले म्हणायचे.

त्यासाठी नवा नियम लागत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी समिती विद्यार्थ्याला बरेच काही विचारते. त्यात ‘हा प्रश्न कोणाचा?’ एवढी भर घालावी आणि उत्तर मार्गदर्शकाने नव्हे, विद्यार्थ्याने द्यावे. उत्तर प्रामाणिक मिळाले, तर पुढच्या तीन वर्षांत काय दुरुस्त करायचे ते विभागाला आपोआप कळेल.